एनसीसी म्हणजे सैन्यभरती का?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, एनसीसीत जायचं म्हणते. पुढे सैन्यात जावंच लागतं, या भीतीने आजी नको म्हणतात. काय करावं?
– एक पालक, नवीन जालना

उत्तर : आजींना निर्धास्त करा. एनसीसी 1948 च्या कायद्याने सुरू झाली, पण कॅडेटवर सैन्यात जाण्याची सक्ती नाही. दोन वर्षं कवायत आणि शिबिर झालं की ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. मात्र शाळेत तुकडी हवी. मुख्याध्यापकांना आधी विचारा. नसेल तर गाइड पथक पाहा, वय 10 ते 17. तंबू, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार तिथेही शिकवतात. धीट व्हायला तेही पुरेसं आहे. शिबिरात शिक्षिका मुक्कामी असतील ना, हे मात्र नक्की विचारा. दमा, आकडी असल्यास लपवू नका.