परभक्षी कोळी : फायटोसिइडी कुळाचे जीवशास्त्र व परिस्थितिकी

पिकावरील कोळी म्हटले की लाल कोळ्यांचा उपद्रवच प्रथम आठवतो. मात्र पानाच्या त्याच खालच्या बाजूस त्यांची शिकार करणारे कोळीही वावरत असतात. ते फायटोसिइडी या कुळातील असून या कुळात दोन हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. कोळी हे कीटक नसून अष्टपाद वर्गातील प्राणी आहेत.

ओळख व जीवनक्रम

परभक्षी कोळ्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असते. शरीर नासपतीच्या आकाराचे, चकचकीत व फिकट ते तांबूस रंगाचे असते. त्यास डोळे नसतात; पायांच्या पहिल्या जोडीने तो परिसराचा वेध घेतो. लाल कोळ्याची अंडी गोल, तर याची लंबगोल व थोडी मोठी असतात. अंडे, सहा पायांची अळी, दोन पिल्लावस्था व प्रौढ असा त्याचा जीवनक्रम असून, उष्ण हवामानात तो सुमारे एका आठवड्यात पूर्ण होतो.

लाल कोळ्याच्या अफलित अंड्यांतून नर निपजतात. त्यामुळे एकटी मादीही नवी वसाहत उभारू शकते. परभक्षी कोळ्याच्या बहुतेक प्रजातींत मात्र समागमाशिवाय मादी अंडी घालत नाही.

आहार व अधिवास

फायटोसिउलस परसिमिलिस ही प्रजाती केवळ जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर जगते. भारतात सर्रास आढळणारी निओसिउलस लाँजिस्पिनोसस ही प्रजातीही प्रामुख्याने त्यांचीच शिकार करते. इतर अनेक प्रजाती फुलकिडे, पांढऱ्या माशीची अंडी व परागकण यांवरही तग धरतात.

आफ्रिकेतील कसावा पिकाचे उदाहरण बोलके आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या हिरव्या कोळ्याने १९७० च्या दशकापासून तेथे मोठे नुकसान केले. ब्राझीलमधून आणलेला टिफ्लोड्रोमॅलस अरिपो हा परभक्षी १९९३ मध्ये बेनिन येथे सोडण्यात आला. तो दिवसा शेंड्यात दडतो व रात्री पानांवर शिकार करतो. शेंड्यातील हा आसरा व पर्यायी अन्न यांमुळे तो तेथे स्थिरावला.

व्यवस्थापनातील महत्त्व

कोरड्या हवेत परभक्षी कोळ्याची अंडी सुकतात, तर लाल कोळी झपाट्याने वाढतात. अशा वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी केल्यास परभक्षी अधिक प्रमाणात मरतात आणि वाचलेल्या लाल कोळ्यांचा पुनरुद्रेक होतो. म्हणून फवारणीपूर्वी दहापट भिंगातून पानाची खालची बाजू तपासावी. वेगाने धावणारे, पाठीवर काळे ठिपके नसलेले चकचकीत कोळी व लंबगोल अंडी बऱ्याच पानांवर दिसल्यास फवारणीची घाई करू नये. दोन-तीन दिवसांनी पुन्हा निरीक्षण करावे. लाल कोळ्यांची संख्या वाढतच असेल, तरच परभक्षींना कमी घातक असे शिफारस केलेले कोळीनाशक निवडावे.