दिव्यावरचा प्रत्येक तपकिरी पतंग बोंडअळीचा नसतो

कपाशीला पात्या-फुले लागली की चोपडा, जामनेर, शिरपूरकडून फोटो सुरू होतात. बल्बभोवतीचा एखादा तपकिरी पतंग आणि खाली प्रश्न, ‘साहेब, काय मारू?’ आधी ओळखा तरी!

गुलाबी बोंडअळीचा पतंग बसलेला असताना जेमतेम 8 ते 10 मिलिमीटर भरतो. पुढचे पंख राखट तपकिरी, त्यांवर काळपट डाग. मागचे रुपेरी, काठाला झालर. अमेरिकन बोंडअळीचा पतंग बराच मोठा, अंगाने जाड, कूळही वेगळे. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या पतंगात हिरवट छटा दिसते. गुलाबीला शास्त्रीय नाव पहिल्यांदा मिळाले ते 1840 च्या दशकात, शेजारच्या भडोचच्या नमुन्यांवरून. तिचे कूळ गेलेचिडी. टोमॅटोवरची टुटा आणि साठवणीतल्या धान्याचा पतंग हेही त्याच कुळातले, म्हणून घोटाळा होतो. अमळनेरकडचे एक शेतकरी काडेपेटीत पतंग घेऊन आले होते. दोन फवारे उरकून मग आले! पतंग फिकट, गवती रंगाचे. निघाले होते घरातल्या मक्याच्या पोत्यांतून.

म्हणून दिवा नको, कामगंध सापळे लावा. हेक्टरी 5, पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर, लूर गुलाबीचाच. अमेरिकनचा लूर लावून ‘पतंगच नाहीत’ म्हणणारेही भेटतात. चिकट पिवळे कागद पांढऱ्या माशीसाठी असतात, ते इथे कामाचे नाहीत. एका सापळ्यात सलग तीन रात्री 8 किंवा जास्त पतंग पडले, तर फवारणीची वेळ आली. सोबत डोमकळ्या मोजा, हिरवी बोंडे फोडून पाहा; शेकडा 10 किडकी निघाली तरी तेच. अळी एकदा बोंडात शिरली की वरचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. दुकानदाराने दिलेली तीन-चार औषधे एका पंपात ढवळणे बंद करा. पायरेथ्रॉइड लवकर मारले की पांढरी माशी उसळते.

‘बीजी-दोन आहे, अळी येणार नाही’ हे 2017 च्या गुलाबीच्या उद्रेकानंतर तरी कोणी बोलू नये. आणि फरदड! दोन वेचण्यांच्या लोभाने फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे अळीची सोय. डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाटी बांधावर रचू नका. जोडसरकीत अळ्या झोपून राहतात, त्यामुळे जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत. मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावण्याची घाई करणाऱ्यांच्या शेतातच पहिल्या पतंगांना फुले मिळतात.