कुत्र्याच्या पिल्लाचे दात

थंडीचे दिवस आले म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यात मोंढ्यातील पोत्यांच्या आडोशास, वाळूच्या ढिगांवर आणि शेतातील कडब्याच्या गंजीखाली कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. त्यांतील एखादे उचलून घरी नेण्याचा मोह आमच्या विद्यार्थ्यांस आवरत नाही. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. मग तक्रारी सुरू होतात. पिल्लू पायजम्याचे टोक सोडीत नाही, धाकट्या बहिणीच्या घोट्यास चावते, हात पुढे केला की बोटच धरते. घरातील वडील माणसे म्हणतात, "हे जनावर खुनशी निघाले, ह्यास आताच हाणले पाहिजे." ह्या म्हणण्यात तथ्य किती आहे, ते येथे पाहू.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात व तोंडात एकही दात नसतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात हिरडीतून वर येऊ लागतात आणि दुसरा महिना सरेपर्यंत ते 28 होतात. माणसाच्या लेकरास हे दात 20 असतात, आणि ते असे सुईसारखे अणकुचीदार नसतात. चौथ्या महिन्यापासून हे दात पडू लागतात व सातव्या महिन्यापर्यंत 42 कायमचे दात येतात. ह्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून जे सापडेल ते पिल्लू चावीत सुटते. शिवाय त्यास आपल्यासारखे हात नाहीत. वस्तू धरणे, ओढणे, चाचपून पाहणे ही सारी कामे तोंडानेच करावयाची. तेव्हा ह्या चावण्यास खुनशीपणा म्हणणे म्हणजे रांगत्या मुलाने मिशी ओढली म्हणून त्यास दरोडेखोर ठरविण्यासारखे आहे.

चावा किती जोराचा असावा, हे पिल्लू भावंडांत शिकते. एकाने जोरात धरले की दुसरे केकाटते व खेळ सोडून निघून जाते. आईही दूध पाजताना दात लागले तर उठून जाते. खेळ मोडला, दूध गेले, एवढीच शिक्षा. पण ती दिवसातून वीस वेळा होते. स्कॉट व फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग करून 1965 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या पुढील वागणुकीचा पाया घालतो, असे त्यांनी त्यात दाखविले. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तोडलेच असेल, तर त्याच्या भावंडांचे काम घरच्या माणसांकडे येते.

ते काम असे करावे. दात कातडीस लागताच हात स्थिर ठेवावा. हिसडा देऊन ओढू नये, कारण पळणारी वस्तू धरावी हा पिल्लाचा स्वभावच आहे. मग मुकाट्याने उठावे, पाठ फिरवावी, अर्धा मिनिट त्याकडे पाहूही नये. नंतर पुन्हा खेळावे. किंचाळत पळणाऱ्या मुलामागे पिल्लू अधिकच धावते, म्हणून लहान मुलांस झाडासारखे उभे राहावयास शिकवावे. चावण्यासाठी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची जाड वेणी भिजवून द्यावी. मात्र ती कोणाच्या देखत द्यावी, आणि धागे सुटू लागताच काढून घ्यावी. जुनी चप्पल मात्र देऊ नये, कारण जुनी कोणती व नवी कोणती हा भेद त्यास कळत नाही. शिजवलेले हाडही नको, त्याच्या सळया होऊन घशात रुततात. फार चावू लागले तर त्यास झोप हवी आहे असे समजावे. जागरण झालेले मूल किरकिरते तसेच हे. आणि नियम घरात सर्वांचा एकच असावा. आम्ही पाहतो की मुले हा नियम पाळतात; सुटीत आलेले मामाच पंजा पुढे करून कुस्ती खेळतात व पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात घालवितात.

मारण्याविषयी महाभारताच्या आदिपर्वात एक कथा आहे. जनमेजय राजाचे सत्र चालू असता देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे आले. राजाच्या भावांनी त्यास बडविले. ते रडत आईकडे गेले व म्हणाले की, मी हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमेने जाऊन जाब विचारला. कोणी उत्तर देईना. तेव्हा निरपराध्यास मारल्याबद्दल न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप तिने दिला. मार खाल्लेल्या पिल्लाचे पुढे असेच होते. गुरगुरले की मार बसतो हे कळून ते गुरगुरणे सोडते, पण भिणे सोडीत नाही, आणि मोठे झाल्यावर सूचना न देता चावते.

आता पालकांसाठी दोन शब्द. खेळातला चावा असला तरी कातडी फुटली किंवा ओरखडा उठला तर ती गोष्ट निराळी. रस्त्यावरील लहान पिल्लासही पिसाळण्याचा रोग असू शकतो, आणि माणसात त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. असे असूनही मुले जखम लपवितात. पिल्लू बाहेर टाकतील हे एक भय, आणि पोटातील चौदा इंजेक्शने हे दुसरे. ती जुनी लस आपल्या देशात 2005 पासून वापरात नाही. आता दंडात टोचतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी जावे लागते, आणि शासकीय रुग्णालयात पैसे पडत नाहीत. रक्त आले असल्यास जखमेच्या जागीही निराळे औषध टोचतात. पण त्याआधी, घरीच, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. मिरची, चुना, तेल लावू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. 1885 च्या 6 जुलै रोजी पाश्चर ह्यांनी जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्याने ही लस टोचविली. तो वाचला, ह्याचे एक कारण असे की त्याच्या आईने त्यास वेळेवर पॅरिसास नेले. आपणांस तर तालुक्याच्या गावीच जावयाचे आहे. जखम दाखविणाऱ्या मुलास त्या दिवशी रागावू नये, म्हणजे पुढच्या वेळीही ते दाखवील.

पिल्लासही तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस टोचून घ्यावी व पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा टोचावी. ते पिल्लाचे वय विचारतील. उचलून आणलेल्या पिल्लाचे वय कोणास ठाऊक असणार? पण पशुवैद्य त्याचा ओठ वर करून दुधाचे दात किती आले, किती पडले हे पाहतात आणि वयाचा अंदाज सांगतात.