सिनेमा पडला, गाणी चालली

प्रश्न : ऑलिव्हिया न्यूटन-जॉनची गाणी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. ‘मॅजिक’ तर तोंडपाठ. पण हे गाणं ज्या सिनेमातलं, तो ‘झॅनाडू’ परवा मुलीच्या आग्रहाखातर पहिल्यांदाच पाहिला. भित्तिचित्रातून बाहेर येणाऱ्या नऊ बहिणी, रोलर स्केट्स, निऑनचा झगमगाट, मध्येच कार्टून, आणि या सगळ्यात साठी उलटलेला जीन केली! आम्ही खूप हसलो, पण सिनेमा संपल्यावर मुलीने अर्धा पुन्हा लावला आणि मीही उठलो नाही. नंतर कळलं, की वाईट सिनेमांच्या यादीत याचं नाव हमखास असतं. मग तो एवढा आपटला का? गाणी मात्र चालली कशी? आणि जीन केलीसारखा माणूस यात आला तरी कसा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची वाट तिथूनच जाते.

जीन केली यात डॅनी मग्वायर नावाच्या माणसाचं काम करतो. एकेकाळी बिग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा, चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये क्लब चालवलेला, आता भरपूर पैसा असलेला आणि समुद्रकिनाऱ्यावर एकटाच वाजवत बसणारा माणूस. हे नाव सहज सुचलेलं नाही. १९४४ साली ‘कव्हर गर्ल’ या चित्रपटात रिटा हेवर्थसमोर केली नायक होता आणि तिथेही तो छोटा नाइट क्लब चालवणारा डॅनी मग्वायरच होता. तीन वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याच रिटा हेवर्थने ‘डाउन टू अर्थ’मध्ये ग्रीक पुराणातल्या नृत्यदेवतेचं, टर्पसिकोरीचं काम केलं. ही देवता पृथ्वीवर येते आणि माणसाच्या प्रेमात पडते. ‘झॅनाडू’त ऑलिव्हियाने साकारलेली किरा म्हणजे तीच टर्पसिकोरी. दोन जुन्या संगीतपटांचे धागे घेऊन १९८० साली नवं कापड विणायचं, असा बेत होता. तो केलीला भावला असणार. चित्रीकरणाच्या वेळी तो ६७ वर्षांचा होता आणि चित्रपटातली ही त्याची शेवटची भूमिका ठरली.

ऑलिव्हियाबरोबरचा त्याचा एकच नाच आहे, तो पुन्हा लावून पाहा. डॅनी त्याच्या प्रशस्त घरात उभा आहे. जुन्या बँडमधली, मनात राहून गेलेली गायिका त्याला आठवते आणि ती युद्धकाळातल्या लष्करी गणवेशात समोर येते. दोघं नाचतात. फार अवघड असं काही नाही. थोडं टॅप, काही गिरक्या. हा नाच केलीने स्वतः बसवला होता. कॅमेरा मागे सरून उभा आहे, डोक्यापासून पावलांपर्यंत दोघंही दिसतात, आणि नाच आपल्या गतीने पुढे जातो. केलीच्या पिढीने नाच असाच चित्रित केला. नाचणाऱ्याचे पाय दिसले पाहिजेत, कात्रीने नाच करायचा नाही. ऑलिव्हिया काही तयारीची नर्तिका नव्हती, पण केलीने तिला जमेल तेवढंच दिलं आणि त्यात ती मोहक दिसते. शेवटच्या गाण्यात तो स्केट्सवरही येतो. त्याला ते नवं नव्हतं. १९५५ च्या ‘इट्स ऑल्वेज फेअर वेदर’मध्ये रोलर स्केट्स घालून रस्त्यावर त्याने केलेला टॅप आजही थक्क करतो.

आता आपटण्याचं कारण. मुळात हा स्केटिंगच्या तेव्हाच्या वेडावर बेतलेला छोटा, कमी खर्चाचा सिनेमा व्हायचा होता. १९७९ मध्ये ‘रोलर बूगी’सारखे चित्रपट येऊन गेलेच होते. मग ऑलिव्हिया आली. १९७८ च्या ‘ग्रीस’नंतर ती जगातल्या सर्वांत लोकप्रिय गायिकांपैकी एक होती. तिच्यापाठोपाठ पैसा आला, केली आला, मोठे सेट आले, आणि खर्च सुमारे दोन कोटी डॉलरवर गेला. आली नाही ती पक्की पटकथा. चित्रीकरण चालू असताना पानं बदलत होती. त्याचा परिणाम पडद्यावर स्वच्छ दिसतो. नायक सनी मलोन हा रेकॉर्ड कंपनीत अल्बमच्या मुखपृष्ठांच्या भल्यामोठ्या प्रती रंगवणारा चित्रकार आहे. पहिल्याच प्रसंगात तो स्वतःचं चित्र फाडून खिडकीतून फेकतो, तुकडे वाऱ्यावर उडत जाऊन एका भिंतीवरच्या नऊ स्त्रियांच्या चित्राला लागतात आणि त्या जिवंत होतात. काय सुरेख सुरुवात! म्हणजे हा माणूस चित्रकार म्हणून पुन्हा उभा राहणार, अशी आपली अपेक्षा. पण पुढे तो फारशी चित्रं काढतच नाही. तो डॅनीबरोबर नाइट क्लब काढतो. कलेची देवता ज्याला चित्रासाठी प्रेरणा द्यायला आली, त्याला ती धंद्यात भागीदार करून निघून जाते. प्रेमकथेलाही पुरते प्रसंग मिळालेले नाहीत. सनी झालेल्या मायकेल बेकने आदल्याच वर्षी ‘द वॉरियर्स’मध्ये उत्तम काम केलं होतं. इथे त्याला करायला काही दिलेलंच नाही.

दुसरं कारण काळाचं. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटाने उडवला गेला आणि प्रेक्षक मैदानात घुसले. डिस्कोची लाट ओसरल्याची खूण म्हणून त्या रात्रीकडे बोट दाखवलं जातं. त्या लोकांच्या रागात काळ्या आणि समलिंगी कलाकारांच्या संगीताविषयीचा द्वेषही मिसळलेला होता, हे आज मोकळेपणाने बोललं जातं. ‘झॅनाडू’ ८ ऑगस्ट १९८० ला झळकला. त्यातली गाणी काटेकोरपणे डिस्को नाहीतच, पण स्केट्स, चकाकते कपडे आणि निऑन पाहून समीक्षकांनी त्याला त्याच खात्यात टाकलं आणि झोडपलं. अमेरिकेत सुमारे सव्वादोन कोटी डॉलरचा गल्ला जमला. चित्रपटगृहांचा वाटा वजा केला, की हा तोट्याचा व्यवहार.

त्या उन्हाळ्यात ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ नावाचा आणखी एक संगीतपट आला होता. लॉस एंजेलिसमधल्या जॉन विल्सन यांनी हे दोन्ही चित्रपट ९९ सेंटच्या एका तिकिटात पाठोपाठ पाहिले आणि वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना पारितोषिक देण्याची कल्पना त्यांना सुचली. पहिला ‘गोल्डन रॅस्पबेरी’ सोहळा ३१ मार्च १९८१ ला त्यांच्याच घरी झाला. सर्वांत वाईट चित्रपटाचा मान दुसऱ्याला गेला, सर्वांत वाईट दिग्दर्शकाचा ‘झॅनाडू’च्या रॉबर्ट ग्रीनवॉल्डला. हाच ग्रीनवॉल्ड पुढे ‘आउटफॉक्स्ड’सारख्या परखड राजकीय माहितीपटांसाठी ओळखला जाऊ लागला. त्या पारितोषिकाने ‘झॅनाडू’वर जो शिक्का मारला, तो मला अन्यायाचा वाटतो. चुका आहेत, ढोबळ आहेत. पण आळसातून किंवा प्रेक्षकाला गंडवण्याच्या वृत्तीतून झालेली यात एकही नाही.

आणि गाणी? ती पटकथेवर अवलंबूनच नव्हती, हेच त्यांचं भाग्य. मूळ एलपी रेकॉर्ड मिळाली तर उलटून पाहा. एका बाजूला ऑलिव्हियाची पाच गाणी. तिचा नेहमीचा निर्माता आणि गीतकार जॉन फरार याने ती रचलेली, म्हणजे ‘ग्रीस’मधलं ‘होपलेसली डिव्होटेड टू यू’ ज्याने लिहिलं तोच. दुसऱ्या बाजूला बर्मिंगहॅमच्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडची गाणी, त्यांच्याच जेफ लिनच्या लेखणीतली. शेवटच्या, शीर्षकाच्या गाण्यात दोन्ही बाजू एकत्र येतात. वाद्यं लिनची, गळा ऑलिव्हियाचा. दोन्ही चमू तेव्हा ऐन भरात होते आणि आपापल्या स्टुडिओत आपापलं काम चोख करत होते. चित्रपट यायच्या आधीच गाणी रेडिओवरून घरोघरी पोचली होती. शीर्षकगीत जुलै १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राला तिथे पहिला क्रमांक मिळाला तो या एकाच गाण्याने. तुमचं ‘मॅजिक’ अमेरिकेत चार आठवडे पहिलं होतं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ज्या संगीत नाटकाचा एकही प्रयोग पाहिलेला नाही, त्याची पदं आपल्याकडे घराघरांत म्हटली जातात. चाल पक्की असली की ती नाटकाचा हात सोडून चालू लागते.

ऑलिव्हियाच्या कारकिर्दीलाही धक्का बसला नाही. पुढच्याच वर्षी तिचं ‘फिजिकल’ अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. याच चित्रपटात तरुणपणीच्या डॅनीचं काम करणारा नर्तक मॅट लॅटान्झी तिला भेटला आणि १९८४ मध्ये दोघांनी लग्न केलं. जाता जाता आणखी एक, कारण आपल्याकडे हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ऑलिव्हियाचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्न. नाझी जर्मनी सोडावी लागल्यानंतर, १९३५-३६ च्या हिवाळ्यात, सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने येऊन राहिले होते.

तुम्ही हसलात आणि तरीही उठला नाहीत, याचं कारण मला ‘डान्सिन’ या गाण्यात सापडतं. डॅनी आणि सनी पडीक सभागृहात उभे आहेत. इथे कसला क्लब काढायचा? डॅनीच्या डोळ्यांसमोर चाळीसचं दशक येतं : पितळी वाद्यांचा ताफा, सुरात सूर मिसळून गाणाऱ्या तिघी, जोडीने नाचणारी माणसं. सनीच्या डोळ्यांसमोर ऐंशीचं रॉक : भडक नारिंगी कपड्यांतला ‘द ट्यूब्ज’ हा बँड, कर्कश गिटार. आधी एक गाणं ऐकू येतं, मग दुसरं. वाटतं, यांचं कसं जुळायचं? मग दोन्ही रंगमंच एकमेकांकडे सरकू लागतात. तिघींची चाल आणि रॉकची चाल एकाच वेळी सुरू होते, आणि तेव्हा लक्षात येतं की दोन्ही एकाच ठेक्यात, एकमेकींवर बसतील अशा बेताने रचलेल्या होत्या. मंच एकमेकांना भिडतात, नर्तक मिसळतात, ट्रम्पेट गिटारला उत्तर देतं. यातला नाच बसवणाऱ्यांत केनी ऑर्टेगा होता. केलीच्या हाताखाली शिकायला मिळालं, हे तो पुढेही आदराने सांगत राहिला, आणि त्यानेच नंतर ‘डर्टी डान्सिंग’मधले नाच बसवले आणि ‘हायस्कूल म्युझिकल’ दिग्दर्शित केला. नव्याने जुन्याला ढकलून द्यायचं नाही, दोघांनी एका मंचावर उभं राहायचं, हे या सिनेमाचं म्हणणं आहे, आणि ते इथे एकाही संवादाशिवाय पोचतं. रॉकच्या जोरात पन्नाशी-साठीच्या कलाकारांना अडगळीत टाकलं जात होतं त्या काळात असं म्हणणं धाडसाचं होतं.

सगळे जण मनापासून काम करतात, हेही आहेच. कुणीही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारत नाही. ऑलिव्हिया ‘मी देवता आहे’ हे ज्या सरळपणे सांगते, त्या सरळपणाची कुणाला लाज वाटत नाही. २००७ साली डग्लस कार्टर बीनने याचं ब्रॉडवेवर नाटक केलं. त्यात मूळ कथेची यथेच्छ थट्टा होती. ते पाचशेहून अधिक प्रयोग चाललं आणि सर्वोत्तम संगीतिकेसाठीच्या टोनी पारितोषिकाचं नामांकनही त्याला मिळालं. नाटक चतुर आहे, चित्रपटाला नवे चाहते मिळाले ते बरंचसं त्याच्यामुळे. तरी मला मूळचा भाबडा सिनेमाच जवळचा वाटतो. थट्टा करायला अंतर लागतं, आणि ‘डान्सिन’ पाहताना मला ते अंतर नको असतं.

सिनेमातल्या क्लबची बाहेरची इमारत खरी होती, हेही मुलीला सांगा. लॉस एंजेलिसचं पॅन-पॅसिफिक ऑडिटोरियम, १९३५ साली बांधलेलं. दर्शनी भागावर आगबोटीच्या धुराड्यांसारखे चार हिरवे-पांढरे मनोरे. १९७२ पासून ते बंद पडून होतं, म्हणजे पडद्यावर दिसतं ते पडीकपण नेपथ्य नव्हे. २४ मे १९८९ ला ते आगीत जळालं. आज त्या जागी बाग आहे, आणि तिथल्या क्रीडाकेंद्राच्या दर्शनी भागावर तसाच एक मनोरा मुद्दाम उभारलेला आहे.

पुन्हा पाहणार असाल, तर आधी एका संध्याकाळी ‘कव्हर गर्ल’ पाहा, म्हणजे १९४४ चा डॅनी मग्वायर डोळ्यांसमोर राहील. मग ‘झॅनाडू’ चांगल्या स्पीकरवर लावा, कारण जेफ लिनने एकावर एक चढवलेले आवाजांचे थर फोनच्या स्पीकरवर चेपून जातात. मधलं कार्टून डॉन ब्लुथचं आहे. डिस्ने सोडून तो नुकताच बाहेर पडला होता, आणि सनी-किरा आधी मासे आणि मग पाखरं होतात तो तुकडा हातानं काढलेल्या रेषेसाठी सावकाश पाहण्यासारखा आहे. कपड्यांच्या दुकानातलं गाणं मात्र पुढे ढकललंत तरी चालेल.