लिव्हरच्या नादानं

प्रस्तुत लेखकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं नख वाकडं आहे. कुणी विचारलंच तर तो 'दारात सापडलं' असं सांगून मोकळा होतो. खरं उत्तर लांबलचक आहे. ते १९७४ साली लालबागमधल्या एका चाळीच्या गच्चीवर सुरू होतं, आणि मध्ये जॉन वेनही येतो.

गिरगावात वाढणाऱ्या मुलांना त्या काळी बंदूक दोनच ठिकाणी भेटायची. एक चौपाटीवर, फुगेवाल्याच्या फळीसमोर. दुसरी धोबीतलावच्या मेट्रोत, मॅटिनीला. चौपाटीवरची बंदूक नेम हुकावा म्हणूनच बनवलेली असावी, असा दाट संशय होता. पडद्यावरची मात्र कधी हुकत नसे. 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन रस्त्यात उभा राहून रायफल एका हातानं गरकन फिरवतो आणि त्या एका गिरकीत ती भरली जाते. तो सिनेमा १९३९चा. गिरकी घेता यावी म्हणून त्या रायफलीच्या लिव्हरची कडी मुद्दाम मोठी करून घेतली होती, हे पोरांना कोण सांगणार? शिवाय गोष्ट घडते १८८० साली आणि हातातली विंचेस्टर १८९२ सालच्या मॉडेलची! पुढे हिंदीतही फिरोज खानचे 'खोटे सिक्के' आणि 'काला सोना' आले, घोडे आणि टोप्या आल्या, आणि ठाकुरद्वारच्या गल्लीत छत्रीच्या दांड्याला लिव्हर समजून फिरवणारी एक फौजच तयार झाली. लेखक त्यातला बिनीचा शिपाई.

लिव्हरची ही रायफल मोहात पाडते ती तिच्या हालचालीमुळे. चापाभोवतीची कडी खाली ढकलायची: आतला अडसर मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, घोडा चढतो. कडी वर ओढायची: नळीखालच्या लांब नळकांड्यातलं पुढचं काडतूस वर येऊन जागेवर बसतं. दोन ठोके, खट आणि खटक. १८६०च्या हेन्री रायफलीत अशी सोळा काडतुसं मावत, आणि तेव्हा बहुतेक सैनिक अजून नळीच्या तोंडातून दारू ठासत होते. जॉन ब्राउनिंगनं रचलेलं विंचेस्टरचं १८९४चं मॉडेल तर सत्तर लाखांहून अधिक खपलं. अंगानं चपटी, घोड्याच्या खोगिराला लावलेल्या म्यानात बसणारी, डावखुऱ्यालाही तितकीच सोयीची. हे गुण खरेच आहेत. भुलणारा अगदीच मूर्ख नसतो.

आता गच्ची. मित्राच्या थोरल्या भावाची एअरगन होती, नळी मोडून भरायची. या जातीत नळी हाच लिव्हर: ती खाली दाबली की आतली जबरदस्त स्प्रिंग दबते, मग उघड्या तोंडात छर्रा बसवायचा आणि नळी परत सरळ करायची. लेखकानं नळी दाबली. बंदूक मांडीवर, डाव्या तर्जनीनं छर्रा आत सारतोय, आणि उजवं बोट जॉन वेनसारखं आधीच चापावर. कुठं जरा दाब पडला. स्प्रिंग सुटली, नळी सणकन वर आली आणि बोट तिच्या तोंडाशी सापडलं. आवाज असा झाला की आधी वाटलं, गोळीच लागली. मित्राच्या आईनं मूठभर हळद दाबली, चाळीतल्या कुणी काकांनी पाठीत धपाटा घातला. नख आठवड्यानं गेलं. नवं आलं ते वाकडंच.

नळी दुमडणारी असो, खाली किंवा बाजूला लिव्हर असणारी असो, स्प्रिंगच्या बंदुकीचा पहिला नियम एकच: छर्रा बसून तोंड बंद होईपर्यंत लिव्हर किंवा नळी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवायची, सोडायची नाही. बोट चापाच्या कडीबाहेर. काही बंदुकांत यासाठी वेगळा अडथळा असतो, पण त्याच्या भरवशावर स्वतःचं बोट ठेवू नये. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या मर्यादेतल्या एअरगनला २०१६च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. त्यामुळे आईबाप ती वाढदिवसाला देतात. परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं झालं, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो. लोखंडी टाकीवरून उलटलेला छर्रा शेजारच्या गॅलरीत कुणाच्या डोळ्यात जाईल, हे चाळीत राहणाऱ्यानं तरी विसरू नये.

खरी लिव्हरची रायफल हातात आली ती मामांमुळे. मामा दादरच्या हिंदू कॉलनीतले. १९६२च्या चीन युद्धानंतर बऱ्याच मध्यमवर्गीय माणसांना नेमबाजी शिकावीशी वाटली, त्यातले एक. त्यांच्याकडे बीएसएची पॉइंट टू-टू मार्टिनी होती. ही लिव्हरचीच, पण घराणं वेगळं: एका वेळी एकच काडतूस. कडी खाली केली की आतला ठोकळा पुढच्या बाजूनं खाली झुकतो आणि नळीचं तोंड उघडतं.

या मार्टिनीच्या थोरल्या बहिणीचा, मार्टिनी-हेन्रीचा, मुंबईशी एक कडवट संबंध आहे. ब्रिटिशांनी ती १८७१ साली सैन्यात घेतली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला लढाई झाली, तेव्हा गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होती. त्यांच्या शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींच्या हातात मात्र जुन्या स्नायडर होत्या. १८५७नंतर देशी शिपायाला एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, हे ठरलेलं धोरण. मैवंदला इंग्रजांचा पराभव झाला, आणि मार्टिनीवाले व स्नायडरवाले दोघेही मारले गेले. मार्टिनीचीही गंमत अशी की, नळी तापली की तिची पातळ पितळी पत्र्याची काडतुसं आत चिकटून बसत आणि आखूड लिव्हरला ती ओढून काढण्याइतका जोर नसे. सुदानच्या वाळूत याचा फार त्रास झाला. पुढच्या मार्क फोरमध्ये लिव्हर लांब केली ती त्यासाठीच.

मामा १९८८ साली गेले. तेराव्यानंतर भांडी वाटली गेली, घड्याळ वाटलं गेलं. रायफल माळ्यावर राहिली. 'बघू नंतर' म्हणत आठ महिने गेले, आणि मधल्या काळात परवान्याची मुदतही संपली. चूक सर्वस्वी घरच्यांची. नंतर जबाब, खुलासे, पुन्हा जबाब, अशा किती खेपा झाल्या ते मोजणंही लेखकानं सोडून दिलं. तेव्हा कुणी तरी समजून घेतलं. आज तशी आशा धरू नका: २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात.

शेवटी परवाना झाला आणि लेखक मार्टिनी घेऊन वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाऊ लागला. तिथं जॉन वेन पहिल्याच दिवशी गळून पडला. चटईवर पालथं पडून नेम धरला की कोपर जमिनीला टेकलेलं, आणि लिव्हर उघडते खालीच, म्हणजे चटईत. दर गोळीमागे रायफल कलती करायची, म्हणजे दर गोळीमागे मांडणी मोडायची. मार्टिनीची कडी लहान, तिनं निभतं. विंचेस्टरचा झोका लांब, तिथं पालथ्या माणसाचे हालच. बोल्टची रायफल घेतलेला शेजारी गाल न उचलता पुढचं काडतूस भरत असे.

एवढं कळूनही माणूस शहाणा होतोच असं नाही. १९९४ साली क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या एका जुन्या दुकानात थर्टी-थर्टी विंचेस्टर दिसली. अक्रोडाचा दस्ता, निळसर नळी. कडी एकदा खाली-वर केली आणि लेखकाचं वय पंधरा झालं. बायकोला न विचारता बयाणा दिला. घरी आल्यावर सुचलं, काडतुसांचं काय? दुकानदारानं शांतपणे सांगितलं, 'पाच आहेत साहेब, रायफलीबरोबर येतील.' आणि नंतर? नंतरचं त्याला माहीत नव्हतं. खडकीच्या कारखान्यात .३१५ बोअरची आणि .३२ची काडतुसं होतात, थर्टी-थर्टीची नाहीत. परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झालेली. म्हणजे आयुष्यात पाच गोळ्या. बरं, झाडायच्या कशावर? ही रायफल झाडीत शंभर-दीडशे यार्डांवरचं हरीण मारायला बनवलेली, आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा प्रश्नच मिटवला. ज्या पॉइंट टू-टूवर आणि एअर रायफलवर स्पर्धा होतात, त्यांत तिला जागा नाही.

बयाणा बुडाला. आजही वाटतं, स्वस्तात सुटलो. कारण बाकीचे दोष नंतर जाणकारांकडून कळले. नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात, त्यामुळे टोकदार गोळी भरली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतं आणि धक्क्यानं ते आतच उडू शकतं. म्हणून गोळी चपट्या नाकाची, आणि म्हणून लांबवर सुस्त. १८९४च्या जुन्या मॉडेलची पुंगळी वरून उडते, तेव्हा दुर्बीण डोक्यावर बसवायची सोय नाही. नळी मागून साफ करता येत नाही, गज तोंडातून घालावा लागतो आणि नेमक्या तोंडाच्या कडा झिजतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चढलेला घोडा. न झाडता तो उतरवायचा तर अंगठ्यानं धरून, चाप दाबून, हळूच सोडायचा. मुंबईच्या मे महिन्यात, घामेजल्या अंगठ्यानं. भरलेल्या रायफलीवर हा प्रयोग घरात कुणीही करू नये. कडी हलवून काडतुसं काढून घ्यावीत, नळी निशाण्याकडेच ठेवून.

ज्यांना हा नाद लागला आहे, त्यांनी विकत काही घेऊ नये, आधी रेंजवर जावं. वरळी आहे, शिवाजी पार्कला सावरकर स्मारकात नेमबाजीची सोय आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसी करणारी अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, वरळीला शिकली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभी राहिली, ती एअर रायफल घेऊन. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटरवर. सहा महिने उधारीच्या एअर रायफलवर घासल्यावरही लिव्हरची ओढ राहिलीच, तर जुने वेस्टर्न पाहावेत. ते स्वस्त पडतात.

आणि तुमच्या घरी माळ्यावर कुणा आजोबा-मामांची बंदूक गुंडाळून ठेवलेली असेल, तर ती उलगडून कडी हलवून बघू नका. टॅक्सीत घालून ठाण्यावरही नेऊ नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन किंवा फोन करून सांगा आणि ते म्हणतील तशी जमा करा. नंतर स्वतःच्या नावानं परवाना हवा असेल तर मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, क्रॉफर्ड मार्केटसमोर. मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र सोबत असू द्या. ना-हरकत पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याला आजच लागा.