मनाची कैफियत

महसूल खात्याच्या दफ्तरात उमेद खर्चून मी मंगरुळपीरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालो आणि पुढे पत्नी निवर्तली, तेव्हा वर्षानुवर्षे नेमाने सांभाळलेला माझा मधुमेह हाताबाहेर जाऊ लागला. घरच्यांनी त्याचा दोष पथ्यातील बेफिकिरीला दिला, गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन आले. परंतु ज्याला पहाटेच जाग येते, हुरड्याच्या दिवसांतही ज्याची अन्नावर वासना नसते आणि ही सुई आता कोणासाठी टोचून घ्यायची असा प्रश्न ज्याला पडतो, त्याची कैफियत रक्ताच्या अहवालात उमटत नसते.

एके सकाळी इन्सुलिन घेऊन मी न्याहारी तशीच ठेवली. थोड्याच वेळात अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, आणि मी सुनेला पत्नीच्या नावाने हाका मारू लागलो. शेजारी म्हणाले, दुःखाने भ्रम झाला. सुनेने मात्र ग्लुकोमीटर काढला. आकडा ७० च्या पुष्कळ खाली होता. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, आणि मग, ‘बाबा, आता भाकर खाऊन घ्या नं,’ म्हणत समोर बसून जेवू घातले. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.)

मधुमेह्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. त्याने पथ्य आणि औषध सुटते, मनावरील ताणाने साखरही चढते, आणि चढलेली साखर मनाला अधिक खचविते. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ हे वाक्य मला अत्यंत निष्ठुर वाटते, कारण त्यामुळे उपचारसाध्य व्याधी बेदखल राहते. उदासी, निद्रानाश किंवा अरुची दोन आठवडे टिकली, तर साखरेच्या अहवालाबरोबर तीही डॉक्टरांपुढे मांडावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्यास बी-१२ तपासण्याविषयी विचारावे, कारण त्याच्या कमतरतेनेही थकवा आणि विस्मरण येते. मनाच्या डॉक्टरांसाठी वाशीमपर्यंत जाणे न जमल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र मराठीत बोलता येते.

नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मुदतीत ते आपल्या मनाने सोडू नये. भूक परतली की साखरेचे गणितही बदलते, म्हणून इन्सुलिनच्या मात्रेची डॉक्टरांकडून पुन्हा खातरजमा करून घ्यावी, आणि जेवणाआधीची सुई जेवण तयार आहे आणि ते वेळेवर खाणार आहोत याची खात्री झाल्यावरच हाती घ्यावी.