कापलेले केस कोठें पडतात?



ह्या आठवड्याचा धडा एका लहानशा गोष्टीविषयीं आहे. केस कापतांना जे बारीक तुकडे उडतात ते कोठें पडतात, आणि ते कसे आवरावे, हा आपला विषय. विषय हलका वाटेल. परंतु यहेज्केलाच्या ग्रंथाचा ५ वा अध्याय काढून पाहा. डोक्याचे व दाढीचे केस वस्तऱ्यानें काढावे, तराजूंत तोलावे, आणि त्यांतले थोडे वस्त्राच्या पदरांत बांधून ठेवावे, अशी तेथें संदेष्ट्याला आज्ञा आहे. ती खूण यरुशलेमेच्या लोकांविषयीं होती. तिचें विवेचन आज करावयाचें नाहीं. कापलेला केस जपून पदरांत धरण्याची गोष्ट शास्त्रांतही आली आहे, एवढेंच ध्यानांत ठेवूं.

१. घरची कात्री

आपल्यांतील पुष्कळ घरीं केस घरींच कापण्याची रीत चालत आली. तिच्यामागें दुःखाचा इतिहास आहे. गांवचा न्हावी म्हशी भादरी, पण अस्पृश्य मानलेल्या मनुष्याच्या डोक्यास हात लावीत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेंत होते तेव्हां घरांत पैसा नव्हता किंवा गांवांत न्हावी नव्हता असें नाहीं. तरी त्यांचे केस त्यांची थोरली बहीण कापी, असें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. ह्याच बाबासाहेबांनीं पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली, आणि १९५५ च्या कायद्यानें त्या कारणावरून कोणाची सेवा नाकारणें हा गुन्हा ठरला. परंतु घरची कात्री घरांत राहिली. कात्री चालविण्यास आपल्या आया-बहिणी शिकल्या; कापड धरण्याचें काम मात्र बहुधा कोणी शिकविलें नाहीं.

२. केस टोंचतो कां?

मनुष्याच्या डोक्यावर सुमारें १ लक्ष केस असतात, व प्रत्येक केस महिन्याला सुमारें १ सेंटिमीटर वाढतो. हिशेब केला तर एका डोक्यावर महिनाभरांत १ किलोमीटर लांबीचा केस तयार होतो. अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केले तर ते २ लक्ष भरतील! त्यांतले शंभर जरी सदऱ्याच्या आंत गेले तरी मनुष्य दिवसभर मान खाजवीत बसतो. नागपुराकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हां घामानें ओल्या मानेवर ते अधिकच चिकटतात.

कापलेल्या केसाचें टोंक तिरप्या कापलेल्या बोरूसारखें धारदार असतें. शिवाय केसाच्या अंगावर डोळ्यांस न दिसणारे खवले असतात. ते सर्व शेंड्याच्या बाजूस वळलेले असल्यामुळें केसाचा तुकडा एकाच दिशेनें पुढें सरकतो व मागें येत नाहीं. रानांतील कुसळ धोतरांत शिरतें तें ह्याच रीतीनें.

३. न्हाव्याचा हात

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत उपासनेनंतर एक न्हावी मजकडे आला. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यांत बारीक भोंक पडून त्यांतून पू वाहत होता. कोणीं त्यास करणी झाल्याचें सांगितलें होतें, आणि उताऱ्यासाठीं दोन कोंबडीं देऊन झालीं होतीं. मीं त्यास नागपुरास रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं चिमट्यानें जखमेंतून बारीक केस काढले. ते त्याचे नव्हते, गिऱ्हाइकांचे होते.

ही व्याधि वैद्यकांत प्रसिद्ध आहे. केस कापणारे, मेंढ्यांची लोंकर कातरणारे, अशा लोकांच्या बोटांच्या बेचक्यांत परक्याचा केस कातडी भेदून शिरतो व तेथें गळूं होतें. अनवाणी काम करणाऱ्याच्या पायासही ती होते. उपाय सोपा आहे. दर गिऱ्हाइकानंतर हात साबणानें धुवावे, बेचकें कोरडें पुसून नीट पाहावें, आणि पायांत जोडा असावा. गळूं झालेंच तर डॉक्टरांस दाखवावें. कधीं कधीं शस्त्रक्रिया करावी लागते.

४. केस कसे आवरावे?

(अ) जागा: चूल, पाण्याचा माठ, गुरांची वैरण व वारा ह्यांपासून दूर बसावें. पोटांत गेलेला केस जनावरास पचत नाहीं.

(आ) पाणी: केस किंचित् ओले करावे. ओले केस पुंजक्यानें खालीं पडतात, उडत नाहींत.

(इ) कापड: घट्ट विणीचें व गुळगुळीत असावें. खरबरीत टॉवेलांत केस रुततात. प्रथम मानेभोंवतीं स्वच्छ पट्टी किंवा कागद गुंडाळून त्यावर कापड बांधावें, म्हणजे एकाचें कापड दुसऱ्याच्या कातडीस लागत नाहीं. पुढचे दोन्ही पदर हातांत धरून मांडीवर ओटी करावी.

(ई) शेवट: कापड झटकूं नये. चारही टोंकें मध्यें घेऊन गांठोडें करावें, मग मानेची गांठ सोडावी. डोळे मिटून मऊ ब्रशानें मान वरून खालीं झाडावी. तोंडानें फुंकर घालूं नये. डोळ्यांत केस गेला तर चोळूं नये. स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा.

(उ) विल्हेवाट: केस खड्ड्यांत पुरावे. त्यांत सुमारें १५ टक्के नत्र असतें; ते सावकाश कुजून झाडास खत होतें. कापड व हत्यारें धुवावीं, कारण डोक्याच्या नायट्याचें बीं तुटक्या केसांवर कित्येक महिने जिवंत राहतें. दाढीस दर मनुष्यामागें नवें पातें घ्यावें. रक्तावाटें काविळीसारखे रोग पसरतात.

५. भीति कीं काळजी?

कापलेला केस वेचण्याची चाल आपल्या गांवीं आहेच. पण ती बहुधा भीतीची आहे. वैऱ्याच्या हातीं केस लागला तर तो करणी करील, म्हणून मनुष्य आपले केस वेचतो आणि शेजाऱ्याच्या अंगणांत झटकतो. महाराष्ट्रांत २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. परंतु मनांतली भीति कायद्यानें एका दिवसांत जात नाहीं. त्या न्हाव्याच्या बोटांत शिरला तोही एक केसच होता, पण त्याला मंत्र लागला नव्हता. कोणीं कापड नीट धरलें असतें, व कोणीं त्यास हात धुण्यास पाणी दिलें असतें, तर तो कदाचित् वांचला असता. म्हणून केस जरूर वेचावे. मात्र वैऱ्याच्या भयानें नव्हे, तर शेजाऱ्याच्या डोळ्याच्या, गुराच्या पोटाच्या व न्हाव्याच्या हाताच्या काळजीनें वेचावे.

अभ्यासाचे प्रश्न

१. केसाचा तुकडा एकाच दिशेनें कां सरकतो?
२. कापड न झटकतां तें कसें सोडावें? करून दाखवा.
३. आपल्या गांवीं केसांविषयीं कोणतें भय आहे? तें कोणाच्या तोंडून ऐकलें?
४. तुमचे केस कापणाऱ्याच्या हातांकडे तुम्हीं शेवटचें केव्हां पाहिलें?